भाऊबंदांच्या महिन्यात मोतीबिंदू

च्याई,
सातवा महिना, संपत आलेला

ती. ताईस,

धाकट्या आ-बूनचा नमस्कार. दरवेळी वाकून करतो तसा या वेळी नाही, ताठ उभ्यानेच केलेला घे, कारण डॉक्टरांनी मला काही दिवस वाकायला बंदी केली आहे. त्यांनी घातलेल्या सगळ्या बंद्यांपैकी निदान एक तरी पाळावी असं मी ठरवलं आहे. तुझे गुडघे कसे आहेत? तुमच्या पेंगहूचा वारा जरा पडला का? तू पाठवलेले सुके मासे आणि शेंगदाणे पोचले. शेंगदाणे मी खाल्ले, मासे तुझ्या भावजयीने लपवले. आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशाल का आणि कसे, ते सांगायला हे बाकीचं पत्र आहे. (सिऊ-होंग सूनबाई, तू हे सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवते आहेस हे मी धरून चाललो आहे. कंसातला मजकूर तुझ्यासाठी आहे, तो मनात वाच. मध्येच हसलीस तर ती 'काय लिहिलंय' म्हणून विचारेल, तेव्हा हसूही नकोस.)

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. ताई, मी फोनवर 'डोळा' म्हटलं की तुझ्या बेटावरची लाइन जाते, आणि 'मासा' म्हटलं की परत येते. हे दोन वर्षं चाललं आहे. तुला दिसत नाही हे तू मान्य करत नाहीस. हवेत मीठ आहे म्हणून धूसर दिसतं, म्हणतेस. मग नववर्षाच्या जेवणाला च्याईत आली होतीस तेव्हा इथे कुठलं मीठ होतं? माशाचा तुकडा म्हणून तू आपल्या सगळ्यात लहान भावाच्या, आ-हिनच्या अंगठ्याला चॉपस्टिक लावलीस आणि तो उचलला जाईना तेव्हा मासा शिळा आहे म्हणालीस. आम्ही सगळे हसलो. मी घरी जाऊन हसलो नाही. ते असो. हे पत्र तुझ्या डोळ्यांविषयी नाही. माझ्या डोळ्याविषयी आहे, आणि आ-हिनच्या मुलीविषयी, पेइ-शानविषयी आहे. तू निर्धास्तपणे ऐक.

पेइ-शान डोळ्यांची डॉक्टर आहे, असं तू सगळ्या बेटाला सांगून बसली आहेस. ते पुरतं खरं नाही. ती डॉक्टर आहे, पण डोळ्यांची अजून होते आहे. मलाही आधी वाटायचं की डॉक्टरकीची परीक्षा झाली, पांढरा कोट चढला, आता काय राहिलं? तर सगळंच राहिलेलं असतं. आधी वर्षभर नुसतं बघायचं. काचेतून, भिंगातून, आरशातून लोकांच्या डोळ्यांच्या तळाशी काय आहे ते बघायचं आणि वरच्या डॉक्टरांना सांगायचं. ते म्हणतात, चूक, पुन्हा बघ. मग चष्म्याचे नंबर, थेंब, कुठे दाब वाढलाय, कुठे रक्त साचलंय. आणि हे सगळं जमलं की मग हातात सुरी. पण माणूस लगेच मिळत नाही. आधी डुक्कर.

इथे मी येतो. तुझा भाऊ आयुष्यभर बाजारात डुकराचं मांस विकत आला, ते काही उगाच नाही. पेइ-शान एके दिवशी गाळ्यावर आली आणि म्हणाली, "मोठे काका, डोळे मिळतील का? सरावाला हवेत." मी म्हटलं, "काकाच्या गाळ्यावर येऊन विचारतेस काय, घेऊन जा." आणि पिशवी भरून दिली. संध्याकाळी तिचा फोन. म्हणाली, "काका, हे सगळे पांढरे आहेत." मी म्हटलं, "मग बरंच झालं की. तुला मोतीबिंदूच हवा होता ना?" मग तिने समजावून सांगितलं की केस काढायला कत्तलखान्यात उकळतं पाणी ओततात, त्याने डोळ्यांची वरची काच उकडून निघते. मी तिला उकडलेले डोळे दिले होते. तेव्हापासून मी स्वतः पहाटे कत्तलखान्यावर जाऊन गरम पाण्याच्या आधीचे डोळे काढून घ्यायला लागलो. बर्फात ठेवून पोचवायचो. डोळ्यांच्या विभागात मला सगळे ओळखायला लागले. तिच्या शिक्षणात माझा वाटा मोठा आहे, असं मी बाजारात दोन-चार जणांना सांगितलं. (दोन-चार नाही, सूनबाई. सगळ्यांना.)

डोळ्यात भिंग असतं, आणि भिंगाभोवती एक पापुद्रा असतो, कांद्याच्या सालीच्या आतला असतो ना, त्याहून कितीतरी पातळ. त्या पापुद्र्याला गोल भोक पाडायचं, त्यातून गढूळ झालेलं भिंग फोडून ओढून काढायचं, आणि त्याच पिशवीत नवं बसवायचं. सगळी गंमत त्या गोलात आहे. गोल जमला तर पुढचं सगळं जमतं. चीर भलतीकडे पळाली की पिशवी फाटली. डुकराचा पापुद्रा चिवट असतो, माणसाचा तसा नसतो, आणि वसंतात एका म्हाताऱ्या किराणावाल्याच्या डोळ्यात पेइ-शानच्या हातून चीर पळाली. तिचे मास्तर, लियाव सर, शेजारीच होते. त्यांनी सावरून घेतलं. किराणावाल्याला उशिरा का होईना पण छान दिसायला लागलं, आणि तो हिला उसाची मोळी देऊन गेला. पण पोरीने ऊस घरी आणून कोपऱ्यात उभा केला तो तिथेच वाळला.

त्यानंतर ती शस्त्रक्रियेला उभी राहीना. उघड नाही म्हणायची नाही, तुला तिचा स्वभाव माहीत आहे. आज माझ्याऐवजी अमक्याला द्या, त्याचा सराव कमी झालाय. आज माझ्याकडे बाहेरच्या रुग्णांची रांग आहे. आणि आपला आ-हिन खूश. त्याच्या डोक्यात केव्हापासून एक दवाखाना आहे. खाली दवाखाना, वर घर, दारात शाळेतून सुटलेल्या पोरांची रांग. या देशातल्या प्रत्येक पोराला चष्मा लागतो, म्हणे, थेंब घाला, नंबर काढा, सुरी कशाला हवी? मी त्याला म्हटलं, "चष्मे द्यायला काही हरकत नाही रे, पण ती घाबरून द्यायला नको." तो म्हणाला, "तू डुकरं काप." लहान भावाने असं बोलावं का? तुझ्या लाडाने तो असा झाला. लियाव सरांनी मला एकदा जिन्यात गाठून सांगितलं की हे तिचं शेवटचं वर्ष आहे. या वर्षात हात बसला नाही तर मग बसत नाही. चांगला हात आहे, म्हणाले, फुकट जाईल. मला ते फार लागलं. तू मला काखेत घेऊन वाढवलंस, मी तिला. बाप दुकानात असायचा तेव्हा ती माझ्या गाळ्यामागे बसून अभ्यास करायची.

आणि तेवढ्यात सातवा महिना लागला. परलोकाची दारं उघडली, गेलेले भाऊबंद बाहेर आले (मी त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारत नाही, तूही मारू नकोस), आणि च्याईतला एकही माणूस डोळ्याला सुरी लावून घ्यायला तयार होईना. इस्पितळाचा तो मजला असा ओस पडला की नर्सबाई खुर्चीवर विणकाम करत बसल्या. सगळ्यांनी तारखा पुढच्या महिन्यावर ढकलल्या. पेइ-शान सुटल्यासारखी झाली. पंचांगच तिच्या बाजूने होतं. मग मी ठरवलं की गर्दी आणायची. आपल्याकडे दुकानात गर्दी व्हावी म्हणून काय ठेवतात? अननस. त्याचं नावच आपल्या बोलीत 'भरभराट ये' असं ऐकू येतं. मी दोन चांगले पिकलेले अननस घेतले, लाल फीत बांधली आणि थेट डोळ्यांच्या विभागात नेऊन टेबलावर ठेवले. ताई, दुकानात अननस ठेवणं आणि इस्पितळात ठेवणं यात फरक असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नर्सबाईंच्या हातातल्या सुया खाली पडल्या. एक तरुण डॉक्टर अननस पाहून भिंतीला टेकला. म्हणाला, "आजोबा, आज माझी ड्यूटी आहे. मी तुमचं काय वाईट केलंय?" त्यांनी अननसांना हात न लावता ते वर्तमानपत्रात गुंडाळून जिन्याखाली पोचवले. पण उशीर झाला होता. दुपारी एक अख्खी बालवाडी आली, डोळे आलेली. बाईंसकट. सगळा मजला लाल डोळ्यांच्या पोरांनी भरला, आणि पेइ-शान संध्याकाळपर्यंत एकेकाला मांडीवर आडवं पाडून थेंब घालत होती. मोतीबिंदू एकही नाही. मला मदतीला धरलं होतं. तिसऱ्या दिवशी माझेही डोळे आले.

ते बरे होताना तिने काचेतून माझे डोळे नीट पाहिले. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे, उजवा पिकलेला, असं म्हणाली. मला ते माहीत होतं. (सूनबाई, मला माहीत नव्हतं. मी गिऱ्हाइकांना चरबी देऊन मांस म्हणत होतो, आणि लोक भिडेखातर घेऊन जायचे व मागच्या बाजूने माझ्या मुलाकडून बदलून न्यायचे. हे मला आत्ता कळतंय.) मी म्हटलं, "मग काढ." ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात लियाव सर काढतील." मी म्हटलं, "याच महिन्यात, आणि तू." घरात काय झालं ते लिहीत नाही. तुझी भावजय म्हणाली, या महिन्यात लोक पोहायला जात नाहीत, घर बदलत नाहीत, शिट्टी वाजवत नाहीत, आणि हा माणूस डोळा फोडून घ्यायला निघालाय. आ-हिन म्हणाला, माझ्या मुलीच्या गळ्यात तुझा आंधळेपणा बांधू नकोस. लियाव सरही तयार नव्हते. म्हणाले, "घरच्या माणसावर मी शिकाऊ हात चालू देत नाही." मी म्हटलं, "साहेब, मी घरचा कुठला? तिच्या बापाची चूल वेगळी, माझी वेगळी, आणि सध्या आमचं बोलणंही बंद आहे." मग त्यांनी पेइ-शानला विचारलं. ती हो म्हणाली, पण त्या 'हो'मध्ये माझ्यावरचा राग जास्त होता.

त्या दिवशी सकाळी तुझ्या भावजयीने दारात भाऊबंदांसाठी नेहमीपेक्षा मोठं ताट मांडलं, फळं, बिस्किटं, अख्खी कोंबडी, आणि उदबत्ती लावून त्यांना सांगितलं की आज इस्पितळाकडे जाऊ नका, इथेच जेवा. मग इस्पितळात मला आडवं घातलं. भूल म्हणजे फक्त थेंब. माणूस टक्क जागा असतो. तोंडावर निळं कापड, एका डोळ्यापुरतं भोक. हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकला आला तर आधी सांगायचं. माझ्यासारख्या माणसाला, ताई, बोलू नका म्हणणं हीच खरी शस्त्रक्रिया आहे. वरती तीन दिवे होते, ते हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखे झाले. दुखलं काही नाही. लियाव सरांचे शब्द तेवढे ऐकू यायचे. हळू. थांब. माझ्याकडे नको, पापुद्र्याकडे बघ. पेइ-शानचा श्वासही मला ऐकू येत होता, इतकी ती जवळ होती. तिने गोल कापला, भिंग फोडलं, ओढून काढलं, नवं घातलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळं तिने. मी हे बाजारात सांगितलंय, आ-हिनला सांगितलंय, आणि अननसाला घाबरलेल्या त्या तरुण डॉक्टरलाही सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मी पहिल्यांदा काय पाहिलं, तर पेइ-शानचं तोंड. किती बारीक झाली आहे पोरगी. डोळ्यांखाली काळं. आम्ही रोज भेटत होतो आणि मला हे दिसलं नव्हतं. घरी आलो तर देव्हाऱ्यातला देव धुरकटून काळा पडलेला. मी इतकी वर्षं त्याला सावळाच समजत होतो. त्याला पुसून घेतला. आता हे पत्र उजव्या डोळ्याने लिहितो आहे, डाव्यावर हात ठेवून. डाव्याने पाहिलं की सगळं जुन्या तेलातून काढल्यासारखं पिवळं दिसतं. ताई, हे तुला दोन्ही डोळ्यांनी तसंच दिसत असणार, याहूनही वाईट. पण मी आधीच म्हटलं, हे पत्र तुझ्या डोळ्यांविषयी नाही. मी तुला काहीही करायला सांगत नाही. तू माझ्याहून मोठी आहेस, तुझं तू बघ. (म्हणजे बघता आलं तर.)

भाचरांना आशीर्वाद. सिऊ-होंगला आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यांना पुन्हा एकदा विचारलं म्हणून सांग.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
आ-बून

ता. क. पाकिटात एक कागद सापडेल, तो टाकून देऊ नका. ते बोटीचं तिकीट आहे, तुमच्या धक्क्यावरून आमच्या बुदाईच्या धक्क्यावर. आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेनंतर, म्हणजे भाऊबंद कधीच परत गेलेले असतील आणि तुला ते कारण सांगता येणार नाही. मी तुझ्या नावाची तारीख घेऊन ठेवली आहे. उजवा डोळा, पेइ-शानच्या हातून. लाइन जाण्याची सोय पत्रात नाही, म्हणूनच पत्र लिहिलं. सूनबाई, हे मोठ्याने वाच.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी पेइ-शान आली आणि तिने पत्र वाचायला मागितलं. वाचलं आणि म्हणाली, "काका, हे असं नाही जाणार." मी विचारलं, "का?" ती म्हणाली, "आत्याला खोटं सांगून मी तिच्या डोळ्याला हात लावणार नाही." तेव्हा खरं लिहितो. सगळं तिने केलं नाही. गोल अर्धा झाला होता, तेव्हा तिने विचारलं, "काका, ठीक ना?" आणि मी, ताई, डॉक्टर विचारते आहे तर उत्तर दिलं पाहिजे म्हणून, मान डोलावली. पुरी, वर-खाली. डोळ्यात हत्यार असताना. चीर पळाली. मला वाटलं आता ती ओरडेल किंवा रडेल किंवा घाईघाईने सावरायला जाईल. तिने हात थांबवला. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही घ्या." आणि उठून खुर्ची दिली. लियाव सरांनी चीर वळवून आणली, भिंग त्यांनीच काढलं, आणि मग खुर्ची तिला परत दिली. नवं भिंग तिने बसवलं. हात थरथरला नाही, असं नर्सबाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर सर तिला म्हणाले की गोल कापायला मी कुणालाही शिकवतो, वेळेवर उठायला शिकवता येत नाही. मला हे सगळं पडद्यापलीकडून ऐकू येत होतं. मी तरी बाजारात सांगितलं की सगळं तिनेच केलं, कारण मला वाटलं अर्धं म्हटलं तर तिची किंमत कमी होईल. ती म्हणते, अर्धंच सांगा. तिला आता पुन्हा सुरी धरायची आहे. हे तिने मला सांगितलं नाही, लियाव सरांना जाऊन सांगितलं. आणि आत्याला हवं तर सरांकडून करून घेऊ दे, तिचा हक्क आहे, हेही लिहायला लावलं. लिहिलं. तुझी तारीख मात्र तिने तिथल्या तिथे फोन करून रद्द केली. आत्याने स्वतःच्या तोंडाने मागितली तरच देईन, म्हणाली.

ता. क. तिसरा. (सूनबाई, पेइ-शान गेली. हेही मोठ्यानेच वाच.) ताई, ती रिकामी झालेली तारीख मी घेतली. डावा डोळा. तिच्याच हातून, यावेळी तिला पुरं करता यावं म्हणून. तिकीट तसंच ठेव आणि ये. तुझ्या डोळ्यांचा विषय मी काढणार नाही. मी बाजारात जेवढा शूर झालो तेवढा नव्हतो. त्या कापडाखाली मला लहान मुलासारखी भीती वाटली, आणि ती मान मी थोडीफार त्या भीतीनेच हलवली. भाऊबंद परत गेलेले असले तरी दारात ताट मांडायला तुझी भावजय घरीच थांबेल, आ-हिन अजून बोलत नाही. तू बाहेरच्या बाकावर बस. मी आत जाताना तुला दिसणार नाही, हे मला माहीत आहे. पण तू तिथे आहेस एवढं ठाऊक असलं, की मी मान हलवणार नाही.